बर्फाची बॅग

सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मिळून एक बॅग होती. तिला सगळे बर्फाची बॅग म्हणायचे. निळी, अवाढव्य, एक चाक तुटलेली. बारा महिने घाम पुसणाऱ्या माणसांना गरम कपडे लागतात किती, आणि एका सहलीसाठी जाड जॅकेटं, हातमोजे, बूट घेतले तरी मग ते ठेवायचे कुठे? म्हणून कुणीतरी ही सोय काढली होती. जो बर्फात जाईल त्याने बॅग न्यायची, आल्यावर कपडे धुऊन परत करायची, आणि आपली एखादी वस्तू तिच्यात भर म्हणून टाकायची. ऐकायला किती छान वाटतं. मलाही वाटायचं. आता त्या बॅगेचं नाव काढलं तरी माझं डोकं तडकतं.

बॅग सांभाळायची ती आमच्याच ब्लॉकमधली एक वहिनी. तिच्याकडे यादी होती, प्रत्येक वस्तूवर नंबराची चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'एकोणीस नंबरचा हातमोजा कुणाकडे राहिला?' असे तिचे जाहीर जाब असायचे. बॅग राहायची तिच्या बॉम्ब शेल्टरमध्ये. सिंगापूरच्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची ही खोली असतेच. युद्ध काही होत नाही, म्हणून सगळे तिथे तांदूळ, सुटकेसा आणि दिवाळीचे आकाशकंदील कोंबतात. त्या खोलीत ना ऊन जातं ना वारा. दार उघडलं की दमट वास भपकन नाकात शिरतो. वहिनीच्या शेल्टरचा तर लिफ्टपर्यंत यायचा, हे मी आज म्हणते. तेव्हा म्हणाले नव्हते.

त्या डिसेंबरात शाळांच्या सुट्टीत जपानला जायचं आमचं आधीपासून ठरलं होतं. उत्तरेकडच्या एका डोंगरातलं स्की रिसॉर्ट, त्यातलं एक लहानसं, एका कुटुंबाने चालवलेलं लॉज. मी, माझा नवरा, आमची सहा वर्षांची मुलगी, आणि माझी आई. बरोबर बॅगवाली वहिनी, तिचा नवरा आणि त्यांची दोन वर्षांची लेक.

आई दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. मिरजेच्या एका शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. हिमरेषा, हिमनद्या, हिमवृष्टी, सगळं फळ्यावर काढून. बर्फ तिने पाहिला होता तो रसवंतीच्या लाकडी खोक्यात, भुशात गुंडाळलेला. एकदा वर्गात ती म्हणाली, ताजा बर्फ पायाखाली करकर वाजतो. एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, तुम्ही ऐकलंय?" आई म्हणाली, "नाही. ऐकलं की सांगेन." ती मुलगी आता स्वतः आजी व्हायच्या वयाला आली असेल, पण आईच्या डोक्यातून ते गेलेलं नव्हतं. माझ्याकडे यायच्या आधी जपानच्या व्हिसासाठी ती मिरजेहून एकटी मुंबईला गेली, कागद देऊन परत आली, पुन्हा जाऊन पासपोर्ट घेऊन आली. लॉजच्या वेबसाइटवर मी तिला रोपवेचा फोटो दाखवला होता. स्कीइंग न येणाऱ्यांनीही रोपवेने वर जावं, शिखरावर बर्फातून फेरी मारावी, अशी सोय होती. तो फोटो तिने माझ्याकडून कागदावर छापून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

निघायच्या आधीच्या रविवारी वहिनीच्या हॉलमध्ये बॅग उघडली. पंखा पाचवर, आणि आम्ही सगळे जॅकेटं चढवून घामाने निथळतोय. आई हसून हसून बेजार झाली. बायकांच्या मापाचे बुटांचे दोनच जोड निघाले, एक करड्या रंगाचा, जवळजवळ नवा, आणि एक तपकिरी, जुना. वहिनीचे स्वतःचे वेगळे होते. दोन्ही आम्हा दोघींना बसत होते, कारण आई आणि मी एकाच मापाच्या. माझ्या लग्नाआधी घरात आमच्या दोघींत मिळून चपलांचे तीन जोड असायचे. सिंगापूरलाही ती रोज सकाळी खालच्या मार्केटला निघाली की दारातून हाक द्यायची, "तुझ्या सँडल घालते गं," आणि मी आतून ओरडायचे, "घाल की, विचारतेस काय!"

वहिनीने करडे बूट माझ्यापुढे ठेवले. "हे तू घे. खेळणाऱ्यांना आधी, असा नियमच आहे आपला. काकूंना काय, लॉजमध्येच तर बसायचंय. त्यांना तपकिरी चालतील."

मी घेतले. आईने तपकिरी पायात घातले, फरशीवर चार पावलं टाकली आणि म्हणाली, "उत्तम आहेत." वहिनीने यादीत खूण केली.

आता हे मला कळायला हवं होतं. सिंगापूरच्या दमट हवेत न वापरता ठेवलेले बूट आतल्या आत मरतात. वरून चकचकीत दिसतात आणि तळवा कुजलेला असतो. माझेच ऑफिसचे बूट एकदा रॅफल्स प्लेस स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर तळ सोडून गेले होते, भर गर्दीच्या वेळी, आणि मी ते हातात धरून बँकेच्या लॉबीतून मोज्यांवर चालले होते. पण वहिनीने बूट शेवटचे कधी उन्हात काढले होते, हे मी विचारलं नाही.

लॉजपुढे बस थांबली ती तुडवून काळपट झालेल्या, निसरड्या बर्फात. आई उतरली. सातआठ पावलं चालली असेल. डाव्या बुटाचा तळ पहिल्यांदा गेला, मग उजव्याचा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा त्याचा लगदा झाला. आई दारापर्यंत आली तेव्हा वरचे बूट पायात, खाली फक्त मोजे, आणि मोजे चिंब. लॉजची मालकीण, आईच्याच वयाची असेल, धावत टॉवेल घेऊन आली आणि गुडघ्यावर बसून आईचे पाय पुसू लागली. आईला इतका संकोच झाला की तीही वाकली. दोघी एकमेकींना नमस्कार करत बसल्या.

आणि आमची वहिनी काय म्हणाली? "अगोबाई, गेल्या वर्षी तर चांगले होते!" मग थोडं थांबून, "काकू, तुमचं चालणं जरा दणदणीत आहे का हो?"

पंचेचाळीस किलोची माझी आई! मी काही बोलायच्या आत वहिनीने बुटावरची चिठ्ठी सोलून काढली आणि फोनमधल्या यादीत नंबर बाद केला. माझा नवरा बॅगा मोजत होता. त्याला कुठलाही प्रसंग आला की बॅगा मोजायच्या असतात.

लॉजमध्ये स्कीइंगचे बूट भाड्याने मिळत, पण ते टणक प्लॅस्टिकचे, त्यात चालता येत नाही. बर्फात चालायचे साधे बूट होते, तर त्यातले बायकांच्या मापाचे सगळे एका शाळेच्या सहलीने नेलेले. मालकिणीने खुणा करून, कागदावर चित्र काढून सांगितलं की खालच्या गावात दुकान आहे, दुपारी बारा वाजता लॉजची गाडी जाते. मी आईला म्हणाले, "उद्या बाराच्या गाडीने जाऊ. नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा स्कीइंगचा वर्ग होता. लॉजच्या दारातच बुटांची मोठी लाकडी मांडणी होती, प्रत्येक खोलीच्या नंबराचा एक कप्पा. बाहेरचे बूट तिथे काढायचे, आत सपाता घालून हिंडायचं, हा तिथला शिरस्ता. आपल्या घरासारखाच, म्हणून आईला तो फार आवडला. मी माझे करडे बूट कप्प्यात ठेवले, भाड्याचे प्लॅस्टिकचे बूट चढवले आणि पाय फाकत बाहेर पडले.

निघताना वहिनीने लेक आईच्या मांडीवर दिली. "काकू आहेतच. तासाभरात येतो. बारा वाजले तर कुकरमध्ये तेवढा भात लावा ना, तिला इथलं जेवण चालत नाही." राइस कुकर तिने सिंगापूरहून आणला होता. तांदूळही. माझ्या आईसाठी मात्र धड बूट आणले नव्हते. तेव्हाच माझ्या मनात ठिणगी पडली होती. पण वर्गाची वेळ झाली होती आणि मुलगी हात ओढत होती.

वहिनीचा तास दुपारी साडेतीनला संपला. माझाही, हे खरं. शिकवणारा चांगला होता आणि मला पहिल्यांदाच न पडता वळता आलं होतं, त्या नादात बारा कधी वाजून गेले ते कळलं नाही.

खोलीत आई खिडकीपाशी बसली होती. पोर तिच्या मांडीवर झोपलेलं. "आई, सॉरी, उद्या जाऊ," मी म्हणाले. "जाऊ की," ती म्हणाली, आणि मग डोळे मोठे करून, "करकरतो का गं?"

"पडता पडता पुरेवाट झाली. ऐकते कुठे!"

"बरं, बरं. तुझे बूट कप्प्यातून आणून दिवसभर हीटरपाशी ठेवले होते. काल ओले झाले होते ना. आतून कसे उबदार झालेत बघ."

मी पाय घातले. खरंच उबदार होते. अंधार पडायच्या आत आम्ही सगळे अंगणात हिममानव करायला गेलो. आईने वरून खिडकीतून हात हलवला. माझी मुलगी खालून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आजी, कम डाउन लाह! सो नाइस!"

"आजीकडे बूट नाहीत," मी म्हणाले, आणि वहिनीकडे असं बघितलं की बघणाऱ्याला समजावं. वहिनी फोटो काढत होती.

त्याच्या पुढच्या दिवशी बाराच्या गाडीला मी परत येणारच होते. पण शिकवणाऱ्याने मोठ्या उतारावर नेलं, तिथून खाली यायला लागला वेळ, आणि गाडी गेली. मी धावत वर आले तर आई जमिनीवर बसलेली, पुढे स्टीलची पातेली, हातात राइस कुकरचं मापाचं भांडं. खिडकीच्या कठड्यावर साठलेला बर्फ तिने त्या मापाने मोजून घेतला होता. दहा मापं. तो वितळून पाणी झालं होतं एक माप आणि वर थोडं.

"बघ," ती म्हणाली, "दहा इंच बर्फ म्हणजे साधारण एक इंच पाऊस. मी शिकवायचे तसंच निघालं." तिचा चेहरा उजळला होता. शेजारी वहिनीची लेक ओल्या हातांनी टाळ्या पिटत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं जिने हिमनद्या शिकवल्या ती बाई बर्फाच्या डोंगरात येऊन खिडकीतून भांड्याने बर्फ मोजतेय! आणि दुसऱ्याच्या पोराचं नाक पुसतेय! मी नवऱ्याला बाजूला घेऊन म्हटलं की आता मी बोलणार. तो म्हणाला, "जाऊ दे ना, सहलीला आलोय आपण." हे वाक्य मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

त्या संध्याकाळीही आईने विचारलं, "आज तरी ऐकलंस का?" त्या संध्याकाळीही बूट हीटरपाशी होते. आईने लेसचे दोन्ही पदर सोडवून, जीभ बाहेर ओढून, पाय घालायला सोपे जावेत असे मांडून ठेवले होते. "कोरडे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. मी म्हणाले, "थँक यू गं आई," आणि घालून खाली गेले.

शेवटच्या दिवशी नाश्त्याला मी फटकन सुरुवात केली. वहिनी म्हणत होती, "आज आम्ही दोघं जरा मोठ्या उतारावर जाऊ म्हणतोय. काकू आहेतच."

"काकू नाहीत," मी म्हणाले. "माझी आई तुमची आया नाही."

वहिनीच्या नवऱ्याने अंडं सोलायला घेतलं.

"अगं, काकूंनाच आवडतं तिच्याशी खेळायला. विचार त्यांना."

"राहू दे गं," आई म्हणाली.

"नाही राहू देणार! खेळणाऱ्यांना आधी म्हणे! कुजलेले बूट म्हाताऱ्या माणसाच्या पायात घालायचे, वर तिचं चालणं दणदणीत म्हणायचं! ते शेल्टर उघडून बॅगेला कधी ऊन दाखवलंत का? नंबर तेवढे चिकटवून ठेवलेत. आणि भात काय लावायचा, पोर काय सांभाळायचं! एवढ्या लांबून ती एका गोष्टीसाठी आली होती. एका!"

वहिनी रडायला लागली. मी एवढं सगळ्यांसाठी करते, आणि मलाच, वगैरे. मला तिळमात्र दया आली नाही. उलट बरं वाटलं. तीन दिवस जे घशाशी आलं होतं ते सगळं ओकून मी मोकळी झाले. "ऊठ आई," मी म्हणाले, "आपण रोपवेने वर जायचं. बूट मिळोत न मिळोत, मी तुला पाठीवर घेऊन जाईन."

आणि रोपवे बंद होता. वारा सुटला होता, बर्फ आडवा येत होता, समोरचं झाड दिसत नव्हतं. मालकीण दाराशी उभी राहून दोन्ही हातांची फुली करून दाखवत होती. दिवसभर कुणालाच बाहेर सोडलं नाही. वहिनी खोलीत, आम्ही खोलीत. आईने पर्समधला रोपवेचा फोटो काढून घडीवर घडी घातली आणि परत ठेवला. परतीच्या दिवशी पहाटेच लॉजच्या मालकाने बस पायरीला अगदी चिकटवून उभी केली. आई मिरजेहून आणलेल्या कापडी बुटांत पायरीवरून थेट बसमध्ये चढली. ताज्या बर्फाला पाय लागलाच नाही.

विमानात मी तावातावाने फोनवर मोठा मेसेज लिहिला, बर्फाच्या बॅगेचा सगळा पंचनामा. चांगी विमानतळावर उतरल्या उतरल्या तो ग्रुपवर टाकला आणि ग्रुप सोडला. तीन जणींनी वेगवेगळे मेसेज करून मला शाबासकी दिली. एकीने लिहिलं, आईसाठी अशी उभी राहणारी मुलगी मिळायला भाग्य लागतं. ते मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आईलाही. आई म्हणाली, "कपडे धुवायला टाकू का? मग त्यांचे त्यांना देऊन टाकता येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसची तयारी करत होते. बाहेर नेहमीचं ऊन, खाली एलआरटीची छोटी गाडी स्टेशनात शिरल्याचा आवाज. दारातून हाक आली.

"तुझ्या सँडल घालते गं."

"घाल," एवढं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तशीच उठले. मी हातातला कंगवा घेऊन दाराशी गेले. आई चपलांच्या रॅकशी वाकून माझ्या सँडलचा पट्टा लावत होती. पट्टा तिला बरोबर तिसऱ्या भोकात बसतो, मला बसतो तिथेच. रॅकच्या खालच्या फळीवर ते करडे बूट होते, वहिनीला परत करायचे म्हणून पुसून ठेवलेले.

दोन दिवस मी भाड्याचे प्लॅस्टिकचे बूट घालून उतारावर होते आणि हे बूट खोलीत पडून होते. सकाळपासून दुपारपर्यंत, आईच्या समोर, तिच्या मापाचे, कोरडे. बाराची गाडी, गावातलं दुकान, कशाचीच गरज नव्हती.

"आई," मी म्हणाले, "तिथे माझे बूट का नाही घातलेस? मागायचेस ना!"

आईने दुसरा पट्टा लावला. सरळ उभी राहिली, पिशवी हातात घेतली.

"मागितले की," ती म्हणाली. "रोज हीटरपाशी गरम करून कुणासाठी ठेवत होते?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. लिफ्टचं बटण दाबून आई वळली.

"ते जाऊ दे. तू एवढी रोज संध्याकाळी हिंडलीस अंगणात त्या बुटांतून. आता तरी सांग. करकरतो का?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. अंगण आठवलं, हिममानव आठवला, वहिनीचा राग राग केलेला आठवला. आवाज आठवेना. लिफ्ट आली, आणि आई दार धरून माझ्या उत्तरासाठी थांबली.